शेवटच्या नोंदीचा अंमल

१. प्रश्न

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील डोंगरउतारांवर ज्या ठाकुरवाड्या वसल्या आहेत, त्यांपैकी एका वाडीतून खोपोलीला शिकायला जाणाऱ्या एका तरुणाने मला एक प्रश्न विचारला. 'स्कायरिम' या खेळात त्याने बसवलेला प्रत्येक मॉड एकेकटा लावला असता बिनतक्रार चालतो. मग सगळे एकत्र लावले की आदल्या दिवशी धारदार केलेली तलवार पुन्हा पूर्ववत का होते, ओळखीच्या माणसाचा चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची का दिसते, आणि कधी कधी खेळ उघडता उघडताच बंद का पडतो? हा प्रश्न पुण्यामुंबईच्या मुलांनाही पडतो आणि जगभरच्या खेळाडूंनाही पडत आला आहे. त्याला बहुधा मिळणारे उत्तर असे, की 'लोड ऑर्डर बदलून बघ'. म्हणजे मॉडचा क्रम खालीवर कर आणि नशीब आजमाव. जिथे मोबाइलला रेंज मिळवायला टेपाडावर चढावे लागते आणि दोन-तीन जीबीचा मॉड एकदा उतरवायला रात्र जाते, तिथे अशी आजमावणी कोणाला परवडणार? म्हणून या प्रकरणात क्रम म्हणजे काय, तो कशावर चालतो आणि मुख्य म्हणजे कोणते काम त्याच्या हातून होतच नाही, हे आपण पायरीपायरीने पाहू.

२. खेळ कसा रचलेला असतो

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील बेथेस्डा गेम स्टुडिओज या संस्थेने ११ नोव्हेंबर २०११ रोजी स्कायरिम प्रसिद्ध केला. हा भूमिकाप्रधान खेळ आहे, म्हणजे खेळणारा एक पात्र धारण करतो आणि त्या पात्राच्या पायांनी एका काल्पनिक देशात हिंडतो, लढतो, व्यापार करतो, घर बांधतो. या खेळाचे दोन भाग मनात वेगळे केल्याखेरीज पुढचे काही उमगणार नाही. पहिला भाग म्हणजे प्रत्यक्ष यंत्रणा. चालणे, प्रकाश पडणे, आवाज उमटणे ही कामे ती करते. दुसरा भाग म्हणजे नोंदी. त्या देशात कोणती वस्तू, कोणते माणूस, कोणता दरवाजा कुठे आहे आणि कसा आहे, याचा सारा तपशील त्यांत असतो, आणि त्या 'स्कायरिम डॉट ईएसएम' या नावाच्या एका प्रचंड फाइलमध्ये साठवलेल्या असतात. उदाहरणार्थ, खेळाच्या आरंभी हाती येणाऱ्या लोखंडी तलवारीची नोंद घ्या. तिचा आघात ७, वजन ९, किंमत २५. आणि या नोंदीला ०००१२ईबी७ असा आठ चिन्हांचा कायमचा क्रमांक दिलेला आहे. हा क्रमांक सोळाच्या पायावरील अंकलेखनात असतो, म्हणजे ० ते ९ संपल्यावर ए ते एफ ही अक्षरे अंकांचे काम करतात. यंत्रणेला 'तलवार' हा शब्द कळत नाही. तिला कळतो तो हा क्रमांक.

खेळणाऱ्यांपैकी कोणी या नोंदींत बदल करून किंवा नव्या नोंदींची भर घालून तो बदल इतरांना वापरायला दिला, की त्याला मॉड म्हणतात. बेथेस्डाने या उद्योगाला मज्जाव तर केला नाहीच, उलट २००२ साली 'मॉरोविंड' या आपल्या आधीच्या खेळाबरोबरच नोंदी बदलण्याचे साधन खेळणाऱ्यांच्या हाती दिले, आणि स्कायरिमसाठीही फेब्रुवारी २०१२ मध्ये 'क्रिएशन किट' नावाने ते मोफत उपलब्ध केले. रॉबिन स्कॉट या इंग्रज तरुणाने २००१ साली मॉरोविंडच्या चाहत्यांसाठी जे छोटे संकेतस्थळ काढले, तेच वाढत वाढत 'नेक्सस मॉड्स' हे आजचे सर्वांत परिचित भांडार झाले. एका पैशाची अपेक्षा न ठेवता रात्री जागून आपली कारागिरी अनोळखी माणसांच्या हवाली करणाऱ्या हजारो स्वयंसेवकांचे हे काम माझ्या दृष्टीने आपल्या काळातील एक मोठे लोककार्य आहे. मात्र या हजारोंपैकी बहुतेकांनी एकमेकांचे काम पाहिलेले नसते, आणि तंट्याचे मूळ तिथेच आहे.

मॉडमधील ज्या फाइलमध्ये नोंदी असतात तिला प्लगइन म्हणतात. मॉड बसवला तरी मूळ फाइल जशीच्या तशी राहते. खेळ सुरू होताना यंत्रणा आधी मूळ फाइल वाचते आणि मग प्लगइन एकामागून एक वाचत जाते.

३. फेरफार आणि सातबारा

वाडीवस्तीवरच्या वाचकाला हा व्यवहार समजावून देण्यासाठी तलाठ्याच्या दप्तराहून योग्य दृष्टान्त मला दिसत नाही. जमिनीच्या अधिकारात काही बदल झाला, कोणी मयत झाले, कोणी खरेदी केली, की त्याची नोंद गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत होते. मंडल अधिकाऱ्याने ती मंजूर केली की तिचा अंमल सातबाऱ्यावर दिला जातो, आणि जुन्या खातेदाराचे नाव कमी होऊन नवे नाव लागते. फेरफार अनेक असले तरी आज जमीन कोणाच्या नावावर आहे, हे शेवटी अंमल दिलेल्या फेरफाराने ठरते. खेळातही तसेच घडते. एकाच क्रमांकाच्या नोंदीत पाच प्लगइननी बदल केले असतील, तर यंत्रणा ते पाचही वाचते, पण अंमल फक्त सर्वांत शेवटी वाचलेल्याचा होतो. प्लगइन कोणत्या अनुक्रमाने वाचायचे, तोच अनुक्रम म्हणजे लोड ऑर्डर. मॉरोविंड आणि त्यानंतरचा २००६ सालचा 'ऑब्लिव्हियन' या खेळांत हा अनुक्रम फाइलच्या तारखेवरून ठरे. स्कायरिममध्ये तो एका साध्या मजकुराच्या यादीत लिहिलेला असतो.

इथवर दृष्टान्त सरळ आहे. परंतु खरी मेख पुढे आहे, आणि ती ज्याला कळली त्याला निम्मे शास्त्र कळले. तलाठ्याच्या दप्तरात फेरफार हा बदललेल्या बाबीपुरता असतो. वारसाचे नाव लावताना इतर हक्कांच्या रकान्याला हात लागत नाही. आता क्षणभर अशी कल्पना करा, की कायद्याने प्रत्येक कारकुनावर सातबाऱ्याचे अख्खे पान नव्याने लिहून देण्याची सक्ती केली आहे, आणि प्रत्येक कारकून हे पान आपल्या घरी पडलेल्या जुन्या प्रतीवरून लिहितो. एका कारकुनाने ठाकूर खातेदाराच्या जमिनीवर, इतर हक्कांत, जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ चा निर्बंध नोंदवला. या निर्बंधामुळे ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासी माणसाच्या नावे करता येत नाही, आणि फार्महाउससाठी जमिनींचे सौदे सतत चालणाऱ्या कर्जत-खालापूरसारख्या तालुक्यांत या एका ओळीचे मोल काय आहे, ते वाडीतल्या कोणत्याही वडीलधाऱ्याला विचारावे. दुसऱ्या कारकुनाने, पहिल्याच्या नोंदीची वार्ताही नसताना, आपल्या जुन्या प्रतीवरून पान लिहून मयताच्या जागी वारसाचे नाव लावले. दुसऱ्याचे पान शेवटी दप्तरात दाखल झाले, तर वारसाचे नाव बिनचूक लागेल, पण निर्बंधाची ओळ नाहीशी होईल. ती कोणी खोडली नाही, खोडावी अशी कोणाची इच्छाही नव्हती. ज्या जुन्या प्रतीवरून पान उतरवले तिच्यात ती नव्हती, एवढेच.

आपल्या तलाठी कार्यालयात हे असे चालत नाही. पण खेळाच्या दप्तरात अगदी असेच चालते. प्लगइन नोंदीतील एखादाच आकडा बदलत असला, तरी फाइलमध्ये ती नोंद समग्र उतरवलेली असते, आणि अंमल होतो तो समग्र नोंदीचा.

४. लोखंडी तलवारीचा हिशेब

प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. 'धार' नावाचा एक मॉड आहे असे समजा. तो लोखंडी तलवारीचा आघात ७ वरून १० करतो, म्हणून त्याच्या फाइलमधील नोंद आघात १०, वजन ९, किंमत २५ अशी आहे. 'हलके ओझे' नावाचा दुसरा मॉड वजन ९ वरून ६ वर आणतो; त्याच्या कर्त्याने 'धार' पाहिलेला नाही, म्हणून त्याची नोंद आघात ७, वजन ६, किंमत २५ अशी आहे. आता 'धार' आधी आणि 'हलके ओझे' नंतर ठेवले, तर खेळात येणारी तलवार आघात ७ आणि वजन ६ ची असते, म्हणजे धार गेली. क्रम उलटा केला, तर आघात १० आणि वजन ९ होते, म्हणजे ओझे परत आले. आपल्याला हवी आहे आघात १० आणि वजन ६ ची तलवार. आणि दोन मॉडचे जे दोनच क्रम संभवतात, त्यांपैकी एकातही ती मिळत नाही.

क्रम हा फक्त विजेता ठरवतो. दोघांच्या मागण्यांची सांगड घालणे त्याच्या अधिकारातच नाही. म्हणून जो माणूस रात्र रात्र जागून यादी खालीवर करीत बसतो, त्याचे कष्ट पुष्कळदा अशा ठिकाणी खर्ची पडतात, जिथे यश मिळण्याची शक्यताच नाही. सल्ला देणाऱ्यांनी ही गोष्ट नवख्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवी, असे मला मनापासून वाटते.

५. काहीच न बदलणारी नोंद

याहून फसवा प्रकार असा, की एखाद्या मॉडमध्ये मुळाशी तंतोतंत जुळणारी, काहीही न बदलणारी नोंद असते, आणि तीच दुसऱ्याचे काम पुसते. हे घडते ते असे. कर्ता क्रिएशन किटमध्ये एखादी खानावळ उघडतो, तिथले टेबल चुकून हलते, तो ते परत जागेवर ठेवतो. परंतु साधनाने तेवढ्यात त्या जागेची नोंद त्याच्या प्लगइनमध्ये उतरवून घेतलेली असते. आता दुसऱ्या कोणी त्याच खानावळीचा उजेड मंद, शेकोटीसारखा सुंदर केला असेल आणि आपल्या या कर्त्याचे प्लगइन यादीत त्याच्या नंतर असेल, तर उजेड निमूटपणे मूळ पदावर येतो. खेळणारा उजेडाचा मॉड बिघडला असे समजतो आणि निरपराध कर्त्याकडे तक्रार नेतो.

अशा नोंदी बेथेस्डाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या पुरवण्यांमध्येसुद्धा सापडल्या आहेत, तेव्हा हौशी कर्त्यांना त्याबद्दल बोल लावण्याचे कारण नाही. 'एक्सएडिट' या साधनाने त्या शोधून काढून टाकता येतात. तथापि काही कर्ते मुद्दामच मुळाबरहुकूम नोंद ठेवतात, कारण मधल्या कोणाचा बदल रद्द करून मूळ स्थिती परत आणणे हाच त्यांचा हेतू असतो. म्हणून मॉडच्या वर्णनात 'साफ करू नये' असे लिहिलेले असेल, तर ते मानावे.

६. दुसरे दप्तर

आतापर्यंत आपण नोंदींचा विचार केला. परंतु तलवार दिसते कशी, तिचा आकार आणि पृष्ठभाग कसा, हे नोंदीत नसते. त्यासाठी आकृतींच्या आणि चित्रांच्या वेगळ्या फाइली असतात, आणि नोंद फक्त त्यांचा पत्ता सांगते. दोन मॉडनी एकाच नावाची चित्रफाइल सुट्या स्वरूपात दिली, तर कोणती वापरायची हे प्लगइनच्या क्रमावर ठरत नाही. तिथे मॉड बसवण्याच्या क्रमाचा अंमल चालतो. म्हणजे दप्तरे दोन आणि क्रमही दोन. 'मॉड ऑर्गनायझर' या साधनात डाव्या बाजूची यादी फाइलींचा क्रम दाखवते आणि उजव्या बाजूची प्लगइनचा. डावीकडे विजेच्या चिन्हासोबत हिरवी अधिकखूण दिसली तर तो मॉड दुसऱ्याच्या फाइलींवर मात करतो आहे, आणि तांबडी वजाखूण दिसली तर त्याच्यावर मात झाली आहे, असे समजावे. या साधनाचा मोठा गुण असा, की ते प्रत्येक मॉड आपापल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवते आणि खेळ चालू असतानाच त्यांची एकत्र मांडणी भासवते, त्यामुळे हरलेली फाइलही नष्ट होत नाही. पूर्वी सगळे मॉड हाताने एकाच फोल्डरमध्ये ओतण्याची रीत होती, आणि तिच्यात वरून पडलेल्या फाइलीखाली जुनी फाइल कायमची जाई.

चेहरा आणि मान यांच्या रंगाचे कोडे याच दोन दप्तरांमधून सुटते. व्हाइटरन शहरात जहागीरदाराकडून मान मिळाल्यावर खेळणाऱ्याला लिडिया नावाची अंगरक्षक मिळते. तिचे कौशल्य, तिचे चिलखत, तिच्या नाकाडोळ्यांची ठेवण ही सारी माहिती तिच्या नोंदीत असते. पण तिचा तयार चेहरा मात्र वेगळ्या आकृतिफाइलीत आणि रंगफाइलीत साठवलेला असतो. एका मॉडने लिडियाचा चेहरा बदलला, म्हणजे नोंदही बदलली आणि चेहऱ्याच्या फाइलीही दिल्या. दुसऱ्याने तिला ढालतलवारीत तरबेज केले. त्याला चेहऱ्याशी कर्तव्य नव्हते, परंतु त्याच्या नोंदीत जुन्या ठेवणीचा तपशील आपसूक आला. दुसऱ्याची नोंद जिंकली आणि चेहऱ्याच्या फाइली पहिल्याच्या राहिल्या, की नोंद एक सांगते आणि फाइल दुसरे दाखवते; यंत्रणेला हा मेळ बसवता येत नाही, आणि मान एका रंगाची नि चेहरा भलत्याच रंगाचा होतो. उपाय असा, की चेहऱ्याच्या बाबतीत दोन्ही दप्तरांत एकच मॉड जिंकेल असे करावे, आणि युद्धकौशल्याचे आकडे त्याच्या नोंदीत आणून घालावेत. ते कसे, हे पुढे येतेच.

७. क्रम लावणारी साधने आणि क्रमाची बंधने

क्रमाच्या काही अटी मात्र अटळ आहेत. प्रत्येक प्लगइनच्या माथ्यावर, ते ज्या फाइलींवर आधारलेले आहे त्यांची यादी असते. त्या फाइली त्याच्या आधी हजर असल्याच पाहिजेत, आणि त्यांपैकी एक जरी गैरहजर असली, तरी खेळ उघडता उघडताच कोसळतो. प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे सर्वांत सामान्य उत्तर हेच आहे. मॉडच्या वर्णनात 'यासाठी काय लागते' असा जो मजकूर असतो, तो उतरवण्यापूर्वीच वाचला, तर रेंजचीही बचत होते.

'लूट' नावाचे साधन ही तपासणी करते आणि स्वयंसेवकांनी जतन केलेल्या नियमावलीच्या आधारे क्रमही लावून देते. पुष्कळ नोंदी बदलणाऱ्या मोठ्या प्लगइनला ते आधी ठेवते आणि थोड्या बदलणाऱ्याला नंतर, जेणेकरून लहान मॉडचे काम गाडले जाऊ नये. आरंभाला हा क्रम स्वीकारावा. परंतु लिडियाचा चेहरा हवा की कौशल्य, हे साधनाला ठाऊक नसते, आणि अनुभवी माणसे त्याच्या क्रमात हाताने दुरुस्त्या करतात त्या यासाठीच.

संख्येचीही मर्यादा आहे. नोंदीच्या आठ चिन्हांपैकी पहिली दोन प्लगइनचे क्रमस्थान सांगतात. सोळाच्या पायावर दोन चिन्हांत २५६ संख्या मावतात. त्यांपैकी एफएफ हे स्थान खेळ चालू असताना निर्माण होणाऱ्या वस्तूंसाठी आणि एफई हे हलक्या, म्हणजे मोजक्याच नव्या नोंदी मावणाऱ्या, प्लगइनसाठी राखीव असल्यामुळे, २०१६ साली आलेल्या 'स्पेशल एडिशन'मध्ये पूर्ण प्लगइन २५४ पर्यंतच लावता येतात. हलकी प्लगइन एफईच्या एकाच स्थानात ४०९६ पर्यंत सामावतात.

८. समेट

तलवारीच्या हिशेबात जे कोणत्याही क्रमाने साधले नाही, ते तिसऱ्या फाइलीने साधते. आघात १०, वजन ६, किंमत २५ अशी एकच नोंद असलेले छोटे प्लगइन तयार करून ते दोघांच्याही नंतर ठेवले, की दोन्ही कर्त्यांच्या इच्छेचा मान राहतो. याला पॅच म्हणतात. लोकप्रिय मॉडच्या जोड्यांसाठी असे पॅच बहुधा कोणीतरी आधीच करून ठेवलेले असतात. नसतील, तर एक्सएडिट उघडावे.

एक्सएडिटच्या पडद्यावर एखादी नोंद निवडली, की डावीकडे मूळ स्तंभ आणि त्याच्या उजवीकडे यादीच्या क्रमाने एकेका प्लगइनचा स्तंभ दिसतो. सर्वांत उजवीकडचा स्तंभ म्हणजे आजचा अंमल. जिथे खरा विरोध आहे तिथे ओळ लाल होते. आपण उजवीकडच्या नोंदीची प्रत एका नव्या प्लगइनमध्ये घ्यायची, आणि हरलेल्या स्तंभातील हवा तो आकडा माउसने ओढून त्या प्रतीत टाकायचा. लिडियाचे कौशल्यही असेच चेहऱ्याच्या नोंदीत आणतात. लाल रंग पाहून घाबरू नये. पुष्कळ लाल ओळींत एकाचा विजय आपल्याला हवाच असतो, आणि तिथे काही करण्याचे कारण नसते.

शत्रूजवळ किंवा पेटीत काय सापडावे हे ठरवणाऱ्या याद्यांच्या बाबतीत मात्र हाताचे काम कंटाळवाणे होते, कारण नवी शस्त्रे देणारा जवळजवळ प्रत्येक मॉड त्याच याद्यांत भर घालतो. तेवढ्या कामासाठी 'राय बॅश' हे जुने, मॉरोविंडच्या काळातील साधनांच्या परंपरेतले साधन वापरावे. ते सर्वांच्या याद्या एकत्र करून एकच समाईक नोंद तयार करते. बाकी नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी वाचाव्यात असे माझे मत आहे, कारण यंत्राने केलेला समेट आकड्यांची बेरीज बरोबर करतो, पण हेतूची निवड त्याला करता येत नाही.

९. चालू प्रवासात

एक बंधन क्रमाच्या पलीकडचे आहे. खेळ साठवताना तयार होणाऱ्या सेव्ह फाइलमध्ये, त्या वेळी चालू असलेल्या मॉडच्या आज्ञावलींची, म्हणजे केव्हा काय घडावे हे यंत्रणेला सांगणाऱ्या सूचनांची, स्थितीही कोरली जाते. म्हणून आज्ञावली असलेला मॉड प्रवासाच्या मध्येच काढून टाकला, तर त्याचे अर्धवट राहिलेले काम सेव्हमध्ये अनाथ पडून राहते, आणि बिघाड पुष्कळ तासांनी, भलत्याच ठिकाणी उगवतो. नुसती चित्रे बदलणारे मॉड वाटेल तेव्हा काढावेत. आज्ञावलीवाले मात्र नवा प्रवास सुरू करण्यापूर्वीच पारखून घ्यावेत. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या भागात सेव्ह फाइलींची एक प्रत अन्यत्र ठेवणे हेही आलेच.

आणि तरीही खेळ कोसळत असेल, दोषी कोण ते कळत नसेल, तर एकेक मॉड काढून पाहण्यापेक्षा अर्धेअर्धे वाटावे. ६४ मॉड असतील, तर ३२ बंद करून नवा खेळ उघडावा, चालू प्रवासाची सेव्ह या कामी वापरू नये. कोसळणे थांबले तर दोष बंद केलेल्यांत, नाही तर चालू असलेल्यांत. मग उरलेल्या ३२ चे १६-१६, त्यांचे ८-८, असे करीत दोषी एकटा असेल तर सहाव्या फेरीत तो हाती येतो. वाटणी करताना एखाद्या प्लगइनचा आधार दुसऱ्या अर्ध्यात जाणार नाही एवढे सांभाळावे, नाही तर गैरहजर आधारामुळेच खेळ कोसळेल आणि निष्कर्ष चुकेल. कधी दोष एकट्याचा नसून जोडीचा निघतो, म्हणजे दोन्ही अर्धी वेगवेगळी लावली की चालतात आणि एकत्र आली की कोसळतात. अशा वेळी एक अर्धे पूर्ण कायम ठेवून दुसऱ्याचे भाग पाडत जावे, आणि सापडलेल्या जोडीची समाईक नोंद एक्सएडिटमध्ये उघडावी.